विज्ञानाच्या तासाला वाचन : आठवीच्या वर्गासोबतचं एक वर्ष

जून २०२४ ते मे २०२५ या वर्षात आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका तुकडीला आम्ही सगळ्या विषयांच्या शिक्षकांनी वाचायला-लिहायला शिकवलं. मराठीच्या तासाला नव्हे, ज्याच्या त्याच्या तासाला. मुलं कुठवर आली याची नोंदही सगळ्यांनी एकाच वहीत ठेवली. सुरुवात करताना आधी काय करायचं, परवानगी कोणाची घ्यायची, वेळ कुठून काढायचा, हे सांगणारं जवळपास कोणी नव्हतं. आता वर्ष पार पडलंय, तर जे जसं घडलं ते क्रमाने लिहिते. कोणाला आपल्या शाळेत हे करावंसं वाटलं, तर निदान पहिले दोन महिने चाचपडण्यात जाणार नाहीत.

शाळा बीड जिल्ह्यातली, अनुदानित माध्यमिक. मी विज्ञान शिकवते. वर्गात चाळीसेक मुलं-मुली, आणि निम्म्याहून अधिक घरांतून कोणी ना कोणी ऊसतोडीला जातं. दिवाळीनंतर वर्ग विरळ होतो, मार्चमध्ये पुन्हा भरू लागतो. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं काम ही ये-जा सांभाळत झालंय.

आठवीच का घेतली? लहान वर्गांच्या वाचनाकडे आता बरंच लक्ष आहे. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, आणि तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं हे त्याचं एक मुख्य उद्दिष्ट. पण आमची ही मुलं चौथीत गेली तेव्हा कोरोनामुळे शाळांना कुलूप होतं. 'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या आठवीतल्या ६९.६ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ७३ टक्के होतं. त्यात डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर पुन्हा त्याच वर्गात. प्रश्नच वाचता आला नाही तर मूल उत्तर कशाचं लिहिणार?

मला मात्र या आकड्यांपेक्षा एका साध्या गोष्टीने गाठलं होतं. वर्गातल्या काही मुली मराठीचा धडा खणखणीत वाचतात. त्याच मुली 'बल व दाब' या पाठातलं आर्किमिडीजचं तत्त्व न अडखळता वाचून दाखवतात. वाक्याचा आशय असा : वस्तू द्रवात बुडवली की तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतकं बल तिच्यावर वरच्या दिशेने लागतं. मी विचारलं, "तिच्यावर म्हणजे कशावर?" बहुतेकांचं उत्तर, "पाण्यावर." उच्चार स्वच्छ, अर्थ हुकलेला. असलं वाक्य मराठीच्या पुस्तकात येतच नाही. मग ते कसं वाचायचं हे मराठीच्या मॅडमनी कधी शिकवायचं? ते माझ्याच तासाचं काम आहे, हे मला तिथे पटलं.

शाळा १५ जूनला उघडली. पहिल्या आठवड्यातल्या शिक्षकसभेत मी एका पानाचा अर्ज ठेवला. गणिताच्या सरांचा पहिला प्रश्न, "पोर्शन कोण पुरा करणार?" तो रास्तच होता. दुसरा आक्षेप कागदांचा : पाठांचं टाचण, हजेरी, सरल आणि यू-डायस या सरकारी पोर्टलवर भरायची माहिती, त्यात आणखी एक रजिस्टर कशाला? मराठीच्या मॅडमना आपल्या विषयात ढवळाढवळ वाटेल अशी मला धास्ती होती. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं सगळे मलाच विचारतात, पोरांना वाचता का येत नाही. आता आपापलं पान आपण वाचून घ्या. अडेल तिथं मला बोलवा." त्यांच्या या बोलण्याने सभेचा नूर बदलला.

कागदांच्या आक्षेपावर तोड सापडली ती जुन्या शासन निर्णयात. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा २० ऑगस्ट २०१० चा निर्णय आपण सगळे पाळतोच. आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनाची आठ साधनतंत्रं त्यात दिली आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. सातवी-आठवीला आकारिकचा भार ४० टक्के, संकलितचा म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचा ६०. म्हणजे तोंडी काम आणि स्वाध्याय यांचे गुण प्रत्येक विषयशिक्षकाला द्यायचेच असतात. तेच गुण आम्ही वाचन-लेखनावरून द्यायचे ठरवलं. वेगळे गुण नाहीत, वेगळा तक्ता नाही. तुम्ही अर्ज करणार असाल तर 'नवीन प्रकल्प' असा शब्द घालू नका. 'आकारिक मूल्यमापनाची अंमलबजावणी' असं लिहा. खरंही तेच आहे, आणि मग वेगळ्या मंजुरीचा प्रश्नच उरत नाही. हेडसरांनी एकाच तुकडीपुरती आणि पहिल्या सत्रापुरती परवानगी दिली. संस्थेच्या सचिवांची सही यायला जुलैचा पहिला आठवडा उजाडला. तेवढ्या दिवसांत आम्ही उतारे निवडून ठेवले.

जुलैत शासनाची पायाभूत चाचणी झाली. ती प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी यांची. विज्ञान, इतिहास, भूगोल मूल कसं वाचतं हे तिच्यातून कळत नाही, म्हणून आम्ही आपली पाहणी वेगळी घेतली. प्रत्येकाने आपल्या विषयाच्या सातवीच्या पुस्तकातून ऐंशी-शंभर शब्दांचा एक उतारा काढला. मुलाने तो वाचायचा आणि तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. पहिल्याचं उत्तर उताऱ्यात थेट असतं. दुसऱ्यासाठी दोन वाक्यं जोडावी लागतात. तिसरं स्वतःच्या शब्दांत सांगून दोन ओळींत लिहायचं. त्यावरून चार पायऱ्या : अ म्हणजे वाचतानाच अडतो, आ म्हणजे थेट असलेलं शोधतो, इ म्हणजे जोडून अर्थ काढतो, ई म्हणजे स्वतः मांडतो. एका मुलाला एका विषयात पाचेक मिनिटं लागतात. परिपाठानंतरचा वेळ, ग्रंथालयाचा तास, मधली सुट्टी असं करत जुलै सरला. एक गोष्ट कटाक्षाने पाळली : वाचून घ्यायचं ते व्हरांड्यात, एकेकाचं. आठवीतला मुलगा सगळ्या वर्गासमोर अडखळला की तो पुढचे कित्येक दिवस तोंड उघडत नाही.

झेरॉक्स आमच्याकडे दोन रुपये पान. उताऱ्यांचे जवळपास चारशे रुपये झाले, जाड लाँगबुकचे नव्वद, पुढे कार्डशीट आणि स्केचपेन. वर्षभराचा सगळा खर्च दोन हजारांच्या आत राहिला. तो शाळेच्या किरकोळ खर्चातून निघाला. पावत्या तेवढ्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

पाहणीतून जे दिसलं त्याने आम्ही सगळेच विचारात पडलो. एकच मूल विषयागणिक वेगळ्या पायरीवर होतं. इतिहासात 'अ'वर अडलेला एक मुलगा भूगोलात सरळ 'इ'वर. सांगली, कोल्हापूर, बेळगाव ही गावं त्याने आईबापांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पाहिलेली, त्यामुळे नकाशावरचा मजकूर त्याला आपला वाटत होता. 'हा कच्चा, ती हुशार' असे जे शिक्के आपण सहज मारतो, ते त्या महिन्यात गळून पडले. पाच-सहा मुलं जोडाक्षरांतच अडत होती. त्यांचं काम विषयाच्या तासाला होणारं नव्हतं; मराठीच्या मॅडम आणि मी त्यांना शाळा भरण्याआधी अर्धा तास बोलावू लागलो. अशी मुलं वेगळी काढून त्यांना आधी अक्षरांपाशी न्यायला हवं, हे मी आवर्जून सांगेन. ती बाकीच्यांबरोबर ओढत नेली तर वर्षाअखेर तिथंच असतात.

ऑगस्टपासून खरं शिकवणं सुरू झालं. ठरलं ते इतकंच : आठवड्यातून दोन तासांना, पहिली दहा मिनिटं, त्याच दिवशीच्या पाठातला एक परिच्छेद. वेगळं साहित्य नाही.

माझ्या तासाला आम्ही वाक्य मोडायचो. पुस्तकातलं एक लांब वाक्य फळ्यावर लिहायचं, मुलांनी त्याची तीन-चार छोटी वाक्यं करायची. 'ती, त्याचे, ज्यामुळे' अशा शब्दांखाली रेघ मारून तो शब्द कोणासाठी आलाय तिथवर बाण काढायचा. आर्किमिडीजच्या वाक्यातला बाण वस्तूपाशी पोहोचला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मग बादली विहिरीत असते तवर हलकी लागती ती यानंच!" हा मुलगा त्याआधी माझ्या तासाला स्वतःहून बोललेला मला आठवत नाही.

लिहिण्यासाठी प्रयोगाची कृती घेतली. एका गटाने लिहायची, दुसऱ्या गटाने अक्षरशः तशीच करायची. प्लास्टिकची रिकामी बाटली बादलीत दाबून उत्प्लावक बल, म्हणजे पाण्याचं वर ढकलणं, अनुभवायचं, इतका सोपा प्रयोग. एका गटाने झाकण लावा असं लिहिलंच नव्हतं. करणाऱ्या गटाने झाकण लावलं नाही, बाटली गुडगुड करत भरली. त्यानंतर कृती लिहिताना मुलं एकमेकांना स्वतःहून विचारायला लागली, "हे वाचून दुसऱ्याला करता येईल का?" लेखनाबद्दल मी कितीही बोलले असते तरी हा प्रश्न त्यांच्या तोंडी आला नसता.

गणिताच्या सरांनी केलेलं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण पोर्शनची काळजी त्यांनाच जास्त होती. 'सूट व कमिशन' प्रकरणात त्यांनी एक तास उदाहरण सोडवायचंच नाही असं ठरवलं. फक्त वाचायचं : दिलंय काय, विचारलंय काय, आणि शेकडा कशावर. 'शेकडा १० सूट देऊन वस्तू ४५० रुपयांना विकली, तर छापील किंमत किती?' अर्ध्या वर्गाने ४५० चे दहा टक्के काढून मिळवले आणि ४९५ लिहिलं. आकडेमोड बिनचूक, वाचन चुकलेलं. सूट छापील किमतीवर असते, म्हणून ४५० हे त्या किमतीचे ९० टक्के आणि उत्तर ५००. सरांनी 'शेकडा कशावर?' अशी पाटी करून भिंतीला लावली. पुढे चक्रवाढ व्याजाला तीच पाटी उपयोगी पडली आणि तिथे वेळ वाचला. पोर्शनचं उत्तर त्यांना त्यांच्याच विषयात मिळालं, मला काही सांगावं लागलं नाही.

इतिहासाच्या मॅडमनी १८५७ च्या पाठाचे दोन रकाने केले : 'घडलेलं' आणि 'कोणाचं तरी मत'. २९ मार्च १८५७, बराकपूर, मंगल पांडे हे पहिल्या रकान्यात. ते शिपायांचं बंड होतं की स्वातंत्र्ययुद्ध, हे दुसऱ्यात. सुरुवातीला मुलांनी पुस्तकातलं प्रत्येक वाक्य 'घडलेलं'मध्ये टाकलं. छापलेलं ते सगळं घडलेलंच, अशी त्यांची समजूत. ती सुटायला दोन महिने लागले आणि अजून पूर्ण सुटलेली नाही. भूगोलात स्थानिक वेळेचा पाठ होता. एका रेखांशाला चार मिनिटं, भारताची प्रमाणवेळ ८२° ३०' पूर्व रेखांशावरची. तिथे वाक्य, आकृती आणि तक्ता अशी एकच माहिती तिन्ही रूपांत वाचून घेतली. खेळाच्या सरांनी खो-खोचे नियम मुलांकडून लिहून घेतले आणि ते वाचून पाचवीच्या पोरांनी खेळायचं असं ठरवलं. वर्गात एकच समाईक तक्ता होता : म्हणून, कारण, तरीही, त्यामुळे, याउलट, जर-तर. कोणाचाही तास असो, उत्तर लिहिताना त्यातला एक तरी शब्द यायला हवा.

आता नोंदवहीचं. हाच भाग लोक मला जास्त विचारतात. एका मुलाला एक पान. उभे विषय, आडवे महिने, घरात फक्त अ-आ-इ-ई, तेही पेन्सिलने. पायरी बदलली तरच लिहायचं, दर आठवड्याला घर भरायचं नाही. शेवटचा रकाना 'पुढच्या तासाला काय' असा. हा रकाना रिकामा राहणार असेल तर ती नोंद करायचीच नाही, असा आमचा नियम. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वीस मिनिटं बसायचं आणि पाचच मुलांची पानं उघडायची. एक मुलगी माझ्या तासाला कोरी वही ठेवून बसायची. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, "तिला आधी तोंडी सांगू द्या, मग ती भराभर लिहिते." पुढच्या तासाला मी तसंच केलं, आणि तिने 'प्रदूषण' पाठावर अर्धं पान लिहिलं. आम्ही वर्षानुवर्षं एकाच स्टाफरूममध्ये चहा पितो, पण एका मुलीबद्दल असं नेमकं बोलणं आधी कधी झालं नव्हतं.

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला दरवर्षी गोष्टीची पुस्तकं वाटतो. यंदा वर्तमानपत्रातला हवामानाचा रकाना आणि बाजारभाव वाचून घेतले. त्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. मग आम्हा शिक्षकांची निवडणुकीच्या कामाची प्रशिक्षणं, दिवाळीची सुट्टी, २० नोव्हेंबरचं मतदान. आमचे शनिवार त्यातच गेले. तुमच्याकडेही असं काही ना काही येणार, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवीन काही सुरू न केलेलं बरं.

आणि मुलं निघाली. गाव सोडणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. जिथे जाईल तिथल्या शाळेत ते दाखवून त्याला वर्गात बसता येतं. आम्ही त्या कार्डाला एक चिठ्ठी जोडली : कोणत्या विषयात मूल कसं वाचतं, काय करून घेतलं तर पुढे सरकतं, सात-आठ ओळींत. मागची बाजू कोरी, तिथल्या शिक्षकांसाठी. काही पालकांना सांगून ठेवलं की पोरांनी पानभर वाचून व्हॉट्सॲपवर आवाज पाठवावा. सुरुवातीला थोडे आले, मग थांबले. कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, मोबाइल चार्ज करायची सोय नसते, आणि आठवीतलं पोर तिथे धाकट्या भावंडांना सांभाळतं किंवा उसाच्या मोळ्या बांधतं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात आणि आजीपाशी राहिलेल्यांचं काम मात्र सुरू राहिलं.

डिसेंबर-जानेवारी हे सगळ्यांत जड महिने. पहिल्या सत्रापुरती असलेली परवानगी हेडसरांनी वही पाहून पुढे वाढवली होती, पण स्नेहसंमेलन, सहल, क्रीडा स्पर्धा यांत वहीची घरं कोरी राहू लागली. मला वाटायचं, हे आता आपोआप विरून जाणार, आणि त्या विचाराने रात्री झोप लागायची नाही. शेवटी आम्ही इतिहास-भूगोलाचे वाचनाचे तास पंधरवड्याला एक केले, विज्ञान-गणिताचे तसेच ठेवले. जानेवारीत शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी शाळाभेटीला आले तेव्हा त्यांनी कोऱ्या घरांवर बोट ठेवलं. पायरी बदलली नाही म्हणून लिहिलेलं नाही, हे सांगितल्यावर त्यांनी चार मुलांना बोलावून स्वतः वाचून घेतलं, वहीशी ताडून पाहिलं आणि शेरेबुकात नोंद केली. नोंद खरी असली की कोऱ्या घराचंही उत्तर देता येतं.

२१ फेब्रुवारी ते १७ मार्च दहावीची परीक्षा, आमच्याकडे केंद्र. वर्ग पेपर सुटल्यावर दुपारी भरायचे. यंदा साखर कारखान्यांचं गाळप लवकर आटोपल्यामुळे मुलं मार्चमध्येच परतू लागली. बहुतेक चिठ्ठ्या हरवल्या होत्या किंवा कोऱ्याच आल्या. पण सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेतून एका मुलाच्या चिठ्ठीमागे लिहून आलं होतं : 'विज्ञान – आकृती चांगली वाचतो. कारण लिहायला अजून मदत लागते.' ज्यांना मी कधी भेटले नाही अशा शिक्षकाने माझ्या वर्गातलं काम पुढे चालवलं होतं. ती चिठ्ठी मी मुलाच्या पानाला चिकटवली आणि तिथूनच पुढे सुरू केलं.

एप्रिलमध्ये नवे उतारे घेऊन पुन्हा तीच पाहणी केली, मग वार्षिक परीक्षा. 'अ'च्या घरात तीन मुलं उरली. बरीचशी 'आ'वरून 'इ'वर सरकली, 'ई'पर्यंत थोडीच पोहोचली. सगळ्यांत कमी फरक इतिहासात. गुण एकदम वाढले असं मी म्हणणार नाही. पण पेपर तपासताना 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न आधी बरीच मुलं सरळ सोडून द्यायची, तो यावेळी जवळपास सगळ्यांनी सोडवायला घेतला. चुकीच्या कारणातही 'त्यामुळे' योग्य जागी होता. चुकीचं कारण दुरुस्त करता येतं. कोऱ्या जागेचं काय करणार?

आठवीची वही आता नववीच्या वर्गशिक्षकांकडे जाईल, गुणपत्रकांच्या गठ्ठ्याबरोबर. वार्षिक परीक्षेत राहिलेल्या दोघांची पुनर्परीक्षा सुट्टीनंतर आहे. दोघांचीही पानं मी घरी आणली आहेत. एकाचं गणितातलं वाचन अडलंय, दुसऱ्याचं लिहिणं. आठवड्यातून दोनदा सकाळी ते शाळेत येतात, शिपाईमामा खोली उघडून देतात. नव्या वर्षी सहावीच्या शिक्षकांनाही हे करायचंय. त्यांना मी सुचवलंय की सगळे विषय एकदम घेऊ नका, विज्ञान आणि गणित घ्या. जुलैची पाहणी मात्र चुकवू नका, आणि शनिवारची वीस मिनिटं वेळापत्रकातच छापून घ्या.